ओल्या छत्रीची बॅग : प्रकल्प नोंदी, मे ते ऑगस्ट २०२५

प्रकल्प: मुंबईच्या पावसाळ्यासाठी चामड्याची स्लिंग बॅग, ओली छत्री ठेवायच्या कप्प्यासह. हेतू: ॲक्सेसरी डिझाइनमध्ये पहिली नोकरी शोधणाऱ्याच्या पोर्टफोलिओत एक वस्तू तरी शेवटपर्यंत नेलेली असावी. म्हणजे फर्मे (चामडं कापायचे नमुने), सॅम्पल, टेक पॅक (कारागिराला द्यायची मापं आणि सामानाची कागदपत्रं) आणि कॉस्टिंग (खर्चाचा हिशेब), सगळं एकाच वस्तूचं. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर चित्रं भराभर उलटतो. बॅग हातात आली की मात्र ती उघडून आतली शिवण बघतो.

५ मे

ब्रीफ: लोकलने जाणाऱ्याची बॅग, जिच्यात ओली छत्री ठेवूनही बाकीचं सामान कोरडं राहील. पावसाळी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगा बाहेरून पडणाऱ्या पाण्याचा विचार करतात. ते पाणी फिनिश केलेल्या चामड्यावरून ओघळून जातं. आत ठेवलेल्या छत्रीच्या पाण्याला वाट नसते. ते अस्तरात मुरतं, आतल्या पुठ्ठ्यात शिरतं आणि दोन दिवसांत कुबट वास सुटतो. काम या पाण्यावर करायचं आहे, फ्लॅपच्या वळणावर नाही.

आत काय मावायला हवं ते आधी मोजलं. तीन घड्यांची छत्री: बंद लांबी २५ सेंमी, घट्ट गुंडाळली तर व्यास ५.५, ओली सैल गुंडाळली तर ७. शिवाय मोबाइल, पाकीट, किल्ल्या, चष्म्याची डबी. पाण्याची बाटली मुद्दाम वगळली. बाटली आली की खोली १० सेंमीच्या वर जाते आणि गर्दीत बॅग पोटाशी धरता येत नाही.

ठरलेलं तयार माप: रुंदी २८, उंची १९, खोली ८ सेंमी. खालचे ७ सेंमी छत्रीला, वरचे १२ बाकी सामानाला. पट्टा ११० ते १३५ सेंमी, कमी-जास्त होणारा. रिकाम्या बॅगेचं वजन ६०० ग्रॅमच्या आत. वजनाची मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून ठेवायची. नाहीतर प्रत्येक फिटिंग दहा-वीस ग्रॅम वाढवत जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

छत्रीत पाणी किती उरतं हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. कोरडी छत्री तोलली, नळाखाली भिजवली, तीनदा झटकून पुन्हा तोलली. फरक ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन मोठे चमचे पाणी.

८ मे

कार्डशीटचा मॉकअप, खऱ्या मापाचा, मास्किंग टेपने जोडलेला. आत खरं सामान, दोरीचा पट्टा, आरशासमोर. पट्टा वरच्या कडेला लावला की भरलेली बॅग पुढे कलते. कड्या वरच्या कडेपासून २.५ सेंमी खाली, गसेटवर घेतल्यावर सरळ राहते.

गसेट म्हणजे बॅगेची खोली करणारी, दोन्ही बाजू आणि तळ यांवरून जाणारी पट्टी. नवशिक्यांची सॅम्पल सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. उंची १९, तळ २८, पुन्हा उंची १९, बेरीज ६६. आणि पट्टी ६६ चीच कापली जाते. पण खालचे कोपरे ४ सेंमी त्रिज्येने गोल आहेत. एका कोपऱ्यावर ४ + ४ = ८ सेंमीऐवजी पाव वर्तुळ, म्हणजे ६.२८ सेंमी लागतं. दोन कोपऱ्यांचे मिळून ३.४४ सेंमी कमी. गसेटची खरी लांबी ६२.६ सेंमी, तीही शिवणीच्या रेषेवर मोजलेली, कापलेल्या कडेवर नाही. ६६ ची पट्टी लावली तर वरचे साडेतीन सेंमी कुठेतरी जायला हवेत, आणि ते कोपऱ्यावरच चुण्या होऊन बसतात. कारागीर ओढून-ताणून बसवतोही, पण मग पुढचं पॅनल पीळ खातं.

शिवणीचे दाब (शिवणीबाहेर सोडायची कड): उलटवून शिवायच्या कडा ८ मिमी, मुडपायच्या कडा १० मिमी, एकावर एक येणाऱ्या कच्च्या कडा १२ मिमी. गसेटच्या फर्म्यावर तळाचा मध्य आणि कोपऱ्याची सुरुवात-शेवट अशा पाच खाचा. समोरच्या पॅनलच्या फर्म्यावर त्याच पाच. खाचा जुळल्या तर पट्टी जुळली.

१४ मे

चामड्याची खरेदी, धारावी. शीवचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ पासून बंद असल्याने माहीमच्या बाजूने जाणं सोपं पडलं. शीव-वांद्रे लिंक रोडवरची दुकानं तयार मालाची. सुटं चामडं, अस्तर, सलपा (बॅगेला ताठपणा देणारा पातळ पुठ्ठा) यांसाठी आतल्या गल्ल्यांत शिरावं लागतं. तयार बॅगांच्या दुकानातही आधी थोडा वेळ घालवावा. त्याच किमतीला बाजारात काय मिळतं हे कॉस्टिंगच्या वेळी उपयोगी पडतं.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीच्या नाही. त्यामुळे जाड चामड्यासाठी पहिली विचारणा बफची (म्हशीच्या चामड्याची), पातळ-मऊसाठी शेळीची. बॅगेच्या अंगासाठी शेळी १.० मिमी, क्रोम टॅनिंगची (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेली), वर पिगमेंट फिनिश (रंगाचा थर). पट्ट्यासाठी बफ १.४ मिमी; शेळीच्या कातड्यात सव्वाशे सेंमीची सलग पट्टी निघत नाही आणि जोड दिलेला पट्टा जोडावरच जातो. व्हेजिटेबल टॅनिंगचं (झाडाच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं) चामडं दिसायला देखणं, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी लवकर धरते. या बॅगेला ते नको.

कातड्याच्या मागे लिहिलेला आकडा वाचता यायला हवा. मोठा ४ आणि त्याच्या डोक्यावर छोटा २ म्हणजे साडेचार चौरस फूट. छोटा आकडा पावांचा असतो. ३ असेल तर पावणेपाच.

दुकानातच करायच्या तपासण्या: पाण्याचा थेंब टाकून दोन मिनिटं थांबणं (डाग गडद झाला तर फिनिश उघडं आहे, पावसाळी बॅगेला चालणार नाही). ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा जोरात घासणं (रंग आला तर तो उद्या शर्टावर येणार). कातडं उजेडापुढे धरून गोचिडाची भोकं शोधणं. चारही दिशांना ओढून बघणं: कण्याच्या दिशेने ताण कमी, पोटाकडे जास्त. पॅनल कण्याच्या दोन्ही बाजूंनी, पोटाचा भाग पाइपिंग (कडेच्या शिवणीत बसणारी, आत दोरी असलेली पट्टी) आणि आतल्या पट्ट्यांना.

१९ मे

फिटिंग. क्रॉफर्ड मार्केट आणि मस्जिद बंदरच्या मधल्या गल्ल्या, अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला. खिशात लोहचुंबक. चिकटलं तर लोखंड, वरचा मुलामा कितीही सोनेरी असो. मुंबईच्या हवेत लोखंडी कडी एका पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा तपकिरी डाग चामड्यातून जात नाही. न चिकटणाऱ्यात दोन प्रकार: पितळ आणि जस्ताचं ओतीव. जस्त हलकं आणि स्वस्त, पण बारीक मान असलेल्या हूकमध्ये झटक्याने तुटतं. निर्णय: ताण घेणाऱ्या डी कड्या (इंग्रजी D च्या आकाराच्या) आणि डॉग हूक (पट्टा अडकवायचे) पितळी, बाकी जस्त.

चेन (झिप) ५ नंबर, नायलॉन कॉइल, म्हणजे दाते नायलॉनच्या गुंडाळीचे. छत्रीच्या कप्प्याला उलटी कॉइल, म्हणजे दाते आत आणि लेप दिलेली फीत बाहेर. उलट्या कॉइलचा रनर (चेनवर सरकणारा भाग) वेगळा असतो. साधा रनर चढवला तर चेन बंद दिसते, पण ओढली की मधूनच उघडते. चेन मीटरवर घेतली तर रनर त्याच दुकानातून, तिथेच चढवून, दहा वेळा चालवून घ्यावा.

सगळ्या फिटिंगचा एकेक नग मिठाच्या पाण्यात ठेवला (लिटरला ५० ग्रॅम मीठ). एका दिवसाने एका रिबीटवर हिरवट चट्टे. ती रिबीट बाद.

२७ मे

काल मोसमी पाऊस मुंबईत आला, नेहमीच्या बराच आधी. चिकटवण्याच्या कामाचं वेळापत्रक बदलावं लागणार.

सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला लागत नाही पण चिकट वाटतं अशा वेळी जोडून ठोकायचं. हे कोरड्या हवेतलं गणित. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतली वाफ जमते. अगदी पातळ, पांढुरका थर दिसतो. त्यावर जोडलं तर त्या क्षणी चिकटतं आणि आठवड्याने कड उघडते. उपाय सोपा आहे: जोडण्यापूर्वी हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम हवा. थर नाहीसा होतो, चिकटही पुन्हा जागा होतो. फिनिश असलेल्या बाजूवर चिकटवायचं असेल तिथे आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचं, नाहीतर सोल्युशन फिनिशला धरतं आणि फिनिशच सुटून येतं.

चामडं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही. सुती कापडात सैल गुंडाळी, भिंतीपासून लांब.

३ जून

कटिंग आणि छिलाई. पुढचं आणि मागचं पॅनल २९.६ × २०.८ सेंमी, गसेट ६४.६ × ९.६ (दोन टोकांना १ सेंमी मुडप धरून), वरच्या कडेच्या आतल्या पट्ट्या २८ × ४, पाइपिंगच्या दोन पट्ट्या ६५ × २.५. पुढचं पॅनल चेनसाठी आडवं दुभागलं की दोन मुडपी वाढतात, हे फर्म्यातच धरायचं.

मुडपायची कड १० मिमी रुंद छिलून ०.५ मिमीवर आणायची, म्हणजे घडी पडल्यावर जाडी पुन्हा १.० होते. न छिलता मुडपलं तर कड दोन मिमीची होते आणि चेनच्या बाजूला फुगते. ०.४ च्या खाली गेलं तर घडीवरच चीर पडते. मशीन लावताना आधी त्याच कातड्याच्या पोटाच्या तुकड्यावर बघायचं. पोट सैल असतं, तिथे नीट निघालं तर कण्याकडे निघतंच. पाइपिंगची पट्टी पूर्ण रुंदीभर ०.६, आत ३ मिमीची दोरी.

९ जून

पहिलं सॅम्पल शिवायला घेतलं. सुई १८ नंबर, लेदर पॉइंट, दोरा पॉलिस्टर. सुती दोरा पाणी ओढतो आणि कुजतो, या बॅगेत कुठेही नको, अस्तरातही नाही.

टाका ३.२ मिमी, इंचाला आठ. बारीक टाका नाजूक दिसतो म्हणून डिझायनर इंचाला बारा मागतात. शेळीच्या पातळ चामड्यावर इतकी भोकं जवळजवळ पडली की कड पोस्टाच्या तिकिटासारखी त्या रेषेवर फाटते.

क्रम: आधी पुढच्या पॅनलची चेन, मग मागच्या पॅनलचा आतला खिसा, गसेटवर कड्यांच्या पट्ट्या, पाइपिंग दोन्ही पॅनलना, शेवटी गसेट. गसेटच्या गोल भागात ६ मिमीच्या अंतराने काप, खोली ४ मिमी. ८ च्या दाबात ५ च्या पुढे गेलं तर उलटवल्यावर काप बाहेरून दिसतो. पाइपिंगला मशीनचा एका बाजूचा फूट (चामडं दाबून धरणारा भाग) लागतो. साध्या फूटने दोरीपासून दोन मिमी लांब टाका पडतो आणि पाइपिंग ढिली, नागमोडी दिसते.

कडीची पट्टी: दोन थरांमध्ये २० मिमीची नायलॉन फीत, चौकोन शिवण, मध्ये एक रिबीट. चामडं ताणतं, फीत ताणत नाही. वजन फितीने घ्यायचं.

१३ जून

पहिल्या सॅम्पलची तपासणी. भरून, ओल्या छत्रीसह, चर्चगेट-बोरिवली धीम्या गाडीत.

वजन ६९० ग्रॅम. कारण सलपा. सगळ्या पॅनलना १ मिमी सलपा लावला होता.

छत्रीच्या कप्प्याला तळाशी दोन आयलेट (धातूच्या कडेची भोकं) ठेवली होती, पाणी खाली गळून जावं म्हणून. ते गळतं, पण बसलेल्याच्या मांडीवर. शिवाय आयलेटच्या कडेने पाणी चामड्याच्या उघड्या कडेत शिरलं. तिथे फिनिश नसतं, कापलेली कड पाणी शोषते. तळाला पाच सेंमीचा गडद पट्टा. आयलेट ही चित्रात हुशार दिसणारी कल्पना आहे, वापरात नाही.

दुसरा दोष मोठा. शिवलेल्या कप्प्यात पॅराशूट कापडाचं अस्तर होतं, लेप असलेलं, तरी मधल्या पडद्यातून वरच्या कप्प्यात ओल आली. कापडातून नाही, सुईच्या भोकांतून. लेदर पॉइंट सुई कापत जाते, तिचं भोक लेप असलेल्या कापडात बंद होत नाही. त्यातून पडद्याची शिवण नेमकी तळाशी, पाण्याच्या पातळीच्या खाली.

आणि बंद कप्पा वाळत नाही. रात्रभर उघडा ठेवूनही सकाळी आत ओलसर. जे वाळवता येत नाही ते बॅगेत शिवू नये, एवढं या सॅम्पलमधून मिळालं.

२० जून

कप्प्याऐवजी सुटी झोळी. छत्री झोळीत, झोळी बॅगेच्या खालच्या भागात, टिचबटणांनी अडकवलेली. घरी गेल्यावर झोळी काढून दोरीवर.

कापड: पॅराशूट, आतून लेप. तुकडा एकच, २९.४ × २८ सेंमी. तळाला घडी येते, शिवण येत नाही. शिवणी फक्त दोन बाजूंना, उभ्या. तयार माप २७ × १२. १२ चा हिशेब: ओल्या छत्रीचा व्यास ७, घेर २२, त्याचा निम्मा ११, वर १ सैलपणा. तोंड लांब बाजूला, वर २ सेंमीची मुडप.

बाजूच्या शिवणी फ्रेंच पद्धतीने: आधी सुलट बाजूने ५ मिमीवर, मग कडा कातरून उलटवून ७ मिमीवर. कच्ची कड आत बंद होते आणि पाण्याला दोन शिवणी ओलांडाव्या लागतात. सुई ११ नंबर, साधी गोल टोकाची. टाचण्या लावायच्या नाहीत, टाचणीचं भोकही भोकच, कागदी क्लिपा.

टिचबटणं प्लास्टिकची, चार, फक्त वरच्या मुडपीत, मागे नायलॉन फितीचा तुकडा देऊन. नुसत्या पॅराशूट कापडात बटण ठोकलं तर चौथ्या-पाचव्या ओढीला कापडासकट निघून येतं.

झोळीत १०० मिली पाणी ओतून रात्रभर टांगली. खाली ठेवलेला टिश्यू कोरडा. खरी गरज ४५ ची.

२८ जून

या आठवड्यात सगळीकडे बोलणं एकच, प्राडा या इटालियन ब्रँडच्या मिलानमधल्या शोमधल्या कोल्हापुरीसारख्या सँडलचं. पोर्टफोलिओ बनवणाऱ्याने यातून कामापुरतं घ्यावं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून. मानांकन नावाचं आणि उगमाचं रक्षण करतं. पारंपरिक वस्तूवरून काही घेतलं असेल तर पानावर तसं लिहायचं, कुठल्या भागाचं आणि नेमकं काय घेतलं ते. मुलाखतीत हा प्रश्न आता येणारच.

स्वतःच्या बॅगेचा आकार नोंदवायचा असेल तर डिझाइन कायदा, २०००. मुदत १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात. अट अशी की अर्जाआधी डिझाइन जाहीर झालेलं नसावं. म्हणून इन्स्टाग्रामवर फोटो नंतर, अर्ज आधी. नोंदणी दिसण्याची होते, कामाची नाही. म्हणजे बॅगेचा बाह्याकार नोंदवता येईल, झोळी काढून वाळवायची युक्ती या कायद्यात बसत नाही.

४ जुलै

पुलर (चेन ओढायची पकड). बॅगेवर एकच धातूची वस्तू स्वतःची हवी, आणि ती पुलर असणं स्वस्त पडतं. जस्ताच्या ओतकामाला डाय (धातूचा साचा) लागतो आणि डायचा खर्च हजारो नगांवर विभागला तरच परवडतो. दहा-वीस नग हवे असतील तर दागिन्यांची वाट धरावी: झवेरी बाजाराच्या आसपास रबराचा साचा करून मेणावरून पितळ ओतून देणारे आहेत. मास्टर (साचा करायचा मूळ नमुना) थ्रीडी प्रिंटचा.

रबर, मेण आणि धातू तिघंही थोडं आकसतात, म्हणून मास्टर ३ ते ५ टक्के मोठा. रनरमध्ये अडकणारं भोक ४ मिमी हवं. ओतल्यावर ते लहान येतं, ड्रिलने पुन्हा मोकळं करावं लागतं. १.५ मिमीपेक्षा पातळ भाग ठेवला तर ओतीव अपुरं भरण्याची भीती. लांबी ३५ मिमी ठेवली, ओल्या बोटांत धरता यावी म्हणून मागच्या बाजूला आडव्या रेघा. कडा पॉलिशच्या आधी हाताने मारून घ्याव्या. धारदार कड पहिल्या महिन्यात शेजारचं चामडं खरवडते.

मुलामा देताना निकेलचा थर खाली असतो. युरोपात जाणाऱ्या मालात त्वचेला सतत लागणाऱ्या भागातून निकेल सुटण्याची मर्यादा चौरस सेंमीला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ किलोला ३ मिलिग्रॅमच्या खाली हवं. निर्यातवाल्या कंपनीत अर्ज करणाऱ्याला हे दोन आकडे तोंडपाठ असावेत.

१२ जुलै

दुसरं सॅम्पल. बदल: सलपा ०.६ मिमी आणि फक्त तळाला व मागच्या पॅनलला; पुढे २ मिमी ईव्हीए फोम. आयलेट गेली. मधला पडदा राहिला, पण त्याची शिवण कप्प्याच्या वरच्या बाजूला, पाणी पोचत नाही तिथे. छत्रीच्या कप्प्याची चेनही पुढच्या बाजूला वरच सरकवली.

वजन, झोळी धरून, ५८५ ग्रॅम.

पट्ट्याची परीक्षा: आत ५ किलो तांदूळ, खुंटीला एक दिवस. नंतर ३ किलोसह हाताने झटके. कडीची पट्टी ताणली नाही. पट्ट्याची भोकं लांबट झाली. भोकाचा पंच बोथट होता, कड फाटून कापली गेली होती. धारदार पंचाने नवा पट्टा, भोकांमागे नायलॉन फीत.

एज कलर (कापलेल्या कडांना द्यायचा रंग): पॉलिश पेपर, पहिला हात पातळ, वाळल्यावर पुन्हा पेपर, दुसरा हात. या हवेत दोन हातांमध्ये तास-दीड तास पुरत नाही. वरून कोरडा वाटतो आणि पट्टा गुंडाळला की एकमेकांना चिकटतो. रात्रभर लटकवूनच ठेवायचा.

१६ जुलै

कॉस्टिंग. शेळीचे सगळे तुकडे मिळून २६०९ चौ. सेंमी; एक चौरस फूट म्हणजे ९२९, म्हणजे २.८१ फूट. वर २५ टक्के वाया जाणारं धरून ३.५. फर्मे लहान असतील तर वाया जाणारं कमी. इथे दोन मोठी पॅनल असल्याने पंधरा टक्क्यांत भागत नाही.

पद्धत दिसावी म्हणून दर गोल धरले आहेत. शेळी ३.५ फूट १२० ने ४२०. बफ ०.७ फूट १०० ने ७०. अस्तर ६०, पॅराशूट ३०, चेन-रनर ६०, फिटिंग ११०, सलपा-फोम-सोल्युशन-दोरा-एज कलर ८०, मजुरी ३५०, पॅकिंग ४०. एकूण १२२०. पाच टक्के बाद माल, १२८१. पंधरा टक्के वरखर्च, १४७३.

इथून पुढे गोंधळ होतो. नफा २५ टक्के हवा म्हणून १४७३ ला १.२५ ने गुणलं की १८४१ येतात, आणि तो नफा विक्री किमतीच्या २० टक्केच असतो. खरेदीदार विक्रीवरचे टक्के बोलतो. त्याच्या भाषेतले २५ हवे असतील तर १४७३ भागिले ०.७५, म्हणजे १९६४. एका बॅगेमागे १२३ रुपयांचा फरक, आणि ऑर्डर पक्की झाल्यावर तो परत मागता येत नाही.

२२ जुलै

टेक पॅक. पुढून, मागून, बाजूने, उघडून आणि झोळी वेगळी अशी पाच रेखाचित्रं, मापं सेंमीत, सूट अधिक-उणे ३ मिमी. सामानाची यादी: नाव, जाडी, रंग, प्रमाण, कुठे लागतं. फर्म्यांची यादी: क्रमांक, नग, कण्याची दिशा बाणाने. शिवणीचा तक्ता: कुठली शिवण, सुई, दोरा, टाका. चामडं आणि अस्तर यांचे खरे तुकडे चिकटवून.

कसोटी एकच: ज्याने बॅग पाहिलेली नाही त्या कारागिराला फक्त टेक पॅक आणि फर्मे द्यायचे. दुसऱ्या कारागिराने विचारलं, पाइपिंगचा जोड कुठे घ्यायचा? कागदावर नव्हतं. जोड मागच्या बाजूला, तळाच्या मध्यापासून ३ सेंमी डावीकडे, असं लिहिलं. तळाच्या नेमक्या मध्यावर घेतला तर खाच आणि जोड एकाच जागी येऊन गाठ होते.

३० जुलै

पोर्टफोलिओची पानं. या बॅगेला सहा: ब्रीफ आणि छत्रीच्या पाण्याचं माप, मॉकअप, पहिलं सॅम्पल (डागासकट), झोळी, टेक पॅकमधलं एक पान, तयार बॅग अंगावर. डाग असलेल्या पहिल्या सॅम्पलचा फोटो पुष्कळजण काढून टाकतात. ठेवावा, शेजारी कारणासह. प्रॉडक्ट डेव्हलपमेंटच्या जागेसाठी बोलावणाऱ्याला तेच पान हवं असतं. मर्चंडायझिंगच्या जागेला कॉस्टिंग वर आणावं. नुसत्या डिझायनरच्या जागेला एका बॅगेने भागत नाही. तोच पुलर आणि तीच झोळी घेऊन टोट, पाठपिशवी आणि पाकीट अशी निदान रेखाटनं तरी हवीत.

बारावीनंतरच्यांसाठी: एनआयएफटी (निफ्ट, फॅशन शिक्षणाची राष्ट्रीय संस्था) हिच्या खारघर केंद्रात ॲक्सेसरी डिझाइनचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. प्रवेशात चित्रकला-कल्पकतेचा आणि सामान्य क्षमतेचा पेपर, पुढे सिच्युएशन टेस्ट, जिच्यात दिलेल्या साहित्यातून वस्तू बनवायची असते. कार्डशीट, तार आणि टेप यांवर हात बसलेला असेल तर ती परीक्षा अवघड नाही. पदवी नसलेल्यांना कारखान्यात सॅम्पलिंगच्या टेबलावर वर्षभर बसता आलं तर ते कुठल्याही छोट्या कोर्सपेक्षा जास्त शिकवतं. पगार सुरुवातीला कमीच असतो, हे धरून चालावं.

५ ऑगस्ट

धारावीतल्या एका युनिटकडे २५ नगांची विचारणा. त्यांनी आधी दोन गोष्टी विचारल्या: गसेटचा लोखंडी डाय (कापायचा साचा) करायचा की फर्म्यावर हाताने कापायचं, आणि झोळी त्यांच्याकडे शिवायची की बाहेर. २५ नगांना डाय परवडत नाही, फर्मा ३ मिमी ॲक्रिलिकचा करून द्यायचा. झोळी बाहेर, छत्र्या शिवणाऱ्याकडे. चामड्याच्या मशीनवर जाड सुई लावलेली असते आणि कुणी ती बदलत बसणार नाही. पहिले पाच नग आले की प्रत्येक झोळीत १०० मिली पाणी, रात्रभर. मगच बाकी वीसचं कटिंग.